चूक ठरलेला सतरा सप्टेंबर

आमच्या हिंगोलीत दरवर्षी सतरा सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन होते आणि अकरा वाजता वाचनालयाच्या सभागृहात खुली सामान्यज्ञान स्पर्धा भरते. या वर्षी ज्या माणसांनी सकाळी त्या दिवसाला सलामी दिली, त्याच माणसांनी दुपारी एकच्या सुमारास तो दिवस चूक ठरवला. हे सगळे शांतपणे लिहून काढावे असे मी ठरवले होते. जमत नाही. तेव्हा रागानेच लिहितो. मात्र मुद्द्याला धरून लिहितो, कारण उभी नोकरी मी न्यायालयाच्या दफ्तरात केली आहे आणि मुद्दा सुटलेला कागद मला आजही वाचवत नाही.

मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला, पण आम्ही झालो नाही. आमच्या डोक्यावर निजाम होता आणि तो पुढे तेरा महिने राहिला. अठ्ठेचाळीसच्या सतरा सप्टेंबरला त्याचे राज्य संपले, त्या दिवशी आम्ही मोकळे झालो. माझे वडील सांगत, की सत्तेचाळीसच्या त्या पंधरा ऑगस्टला ते कनेरगाव नाक्यापर्यंत चालत गेले, नाका ओलांडून वाशीमच्या बाजूला, म्हणजे वऱ्हाडात, शिरले, तिथला झेंडा डोळे भरून पाहिला, हातावर मिळालेली साखर खाल्ली आणि संध्याकाळी पुन्हा निजामाच्या मुलुखात परत आले. "परत येताना साखरेचे हात धुऊन आलो," असे ते म्हणत. त्यात विनोद नव्हता. नाक्यावरचा शिपाई हात हुंगत असे की नाही, हे मला ठाऊक नाही; वडिलांना मात्र तशी भीती वाटली होती आणि तीस वर्षांनी ती गोष्ट सांगतानाही ते नकळत तळहात धोतराला पुसत.

आज त्याच नाक्यावर ढाबे आहेत आणि वाशीमकडे जाणाऱ्या गाडीला कोणी अडवत नाही. असो.

वाचनालयाची ही स्पर्धा जुनी आहे. पूर्वी प्रश्न आमचे कार्यकारिणीचे सभासदच काढत आणि त्यावरून दरवर्षी भांडणे होत. एका वर्षी तर 'भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?' या प्रश्नावरून सभागृहातल्या दोन खुर्च्या मोडल्या. एक स्पर्धक म्हणाला, हॉकी. दुसरा म्हणाला, असा कोणताही खेळ सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेला नाही. दुसऱ्याचे बरोबर होते. मला ते माहीत होते. पण सभासदांच्या वहीत हॉकी लिहिलेले, हॉकीवाल्याचे नातेवाईक सभागृहात भरलेले, अध्यक्ष घाम पुसत बसलेले. त्यानंतर नियमावली करण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी दोन तोडगे काढले. एक, प्रश्न आणि उत्तरे बाहेरगावच्या प्रकाशनाकडून मोहोरबंद पाकिटात मागवायची आणि पाकीट व्यासपीठावरच फोडायचे. दुसरा तोडगा म्हणजे नियम क्रमांक सात. त्याचे शब्द मला तोंडपाठ आहेत, कारण ते माझेच आहेत: 'उत्तरपुस्तिकेत छापलेले उत्तर अंतिम मानण्यात येईल, त्याविरुद्ध कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.'

त्या वर्षापासून भांडणे थांबली. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. एक खरे उत्तर हरले होते आणि त्याला मी शांतता म्हटले होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. किंवा आले आणि मी ते फाइलीला लावून टाकले.

आता माझ्या सुनेविषयी. मुलगा नांदेडला नोकरीला आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. सून आणि नातू आमच्याजवळ राहतात. ती पदवीधर आहे, सरकारी भरतीच्या परीक्षा देते, आणि सकाळचा चहा होईस्तोवर आमच्या दोघांत रोज सामना चालतो. मी विचारतो, "कयाधू कोणत्या नदीला मिळते?" ती चुलीकडे तोंड करूनच म्हणते, "पैनगंगेला. मामा, अवघड विचारा." आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मग ती मला सिनेमाचे काहीतरी विचारते आणि मी हरतो. पहिला बोलपट कोणत्या साली आला एवढे मला सांगता येते. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत काय झाले, याची मला कल्पना नाही. खेळांत आम्ही बरोबरीचे. खो-खोत मैदानावर नऊ आणि कबड्डीत सात, हे ती झोपेतही सांगेल.

स्पर्धेचे पहिले बक्षीस म्हणजे वाचनालयाच्या अभ्यासिकेत वर्षभराची हक्काची जागा. स्वतंत्र टेबल, कपाटाची किल्ली, संदर्भग्रंथ घरी नेण्याची मुभा. बाकीच्या जागांसाठी दोन-दोन वर्षांची यादी आहे. सुनेला ती जागा हवी होती. आमच्या घरात बंद होणारे दार एकाच खोलीला आहे आणि त्या खोलीत मी, माझे टेबल आणि माझी तीन कपाटे होती. नळाच्या पाण्यापासून बसस्थानकावरच्या बंद घड्याळापर्यंत मी आजवर जी जी पत्रे लिहिली, त्यांच्या प्रती त्या कपाटांत आहेत. बाहेरच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाकघरात नातू. ती वाचणार कुठे?

तिने स्पर्धेत नाव दिले त्या दिवशी मी चिटणिसांना पत्र दिले: 'माझ्या कुटुंबातील व्यक्ती स्पर्धक असल्याने या वर्षीच्या स्पर्धेतील कोणत्याही निर्णयात मी सहभागी होणार नाही.' चिटणीस हे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "अहो, कशाला एवढं? आपल्यातलीच पोरगी." मी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. मला माझ्या त्या पत्राचा अभिमान वाटला, हेही नोंदवतो.

तर सतरा सप्टेंबर. सकाळी झेंडा झाला, राष्ट्रगीत झाले, चिटणिसांनी मुक्तिसंग्रामावर भाषण केले आणि त्यात 'तेरा महिने उशिरा उगवलेला सूर्य' असे म्हणून स्वतःच डोळे टिपले. अकरा वाजता स्पर्धा सुरू झाली. मी तिसऱ्या रांगेत प्रेक्षक म्हणून बसलो. फेऱ्या होत गेल्या, माणसे गळत गेली आणि शेवटी दोन स्पर्धक उरल्या. एक माझी सून. दुसरी पुसेगावजवळच्या तांड्यावरून आलेली, तिशीच्या आतली एक बाई. तिला मी त्यापूर्वी पाहिलेले नव्हते. साध्या सुती साडीत, पायात प्लास्टिकच्या चपला, आणि उत्तर देताना प्रश्न संपायची वाट न पाहण्याची सवय. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच' एवढे ऐकताच ती म्हणाली, "कळसूबाई." चिटणीस म्हणाले, "अहो बाई, मी शिखर विचारतो की धरण, ते तरी ऐका." ती म्हणाली, "उंच म्हणलं की लोक शिखरच विचारतेत, सर." सभागृह हसले. मीही हसलो.

दोघींचे गुण बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न उरला. चिठ्ठी टाकली, प्रश्न आधी तांड्याच्या बाईकडे गेला. चिटणिसांनी कागद उचलला, वाचला आणि हसून म्हणाले, "शेवटी फारच सोपा आला बुवा." मग मोठ्याने वाचले, "आपले गाव कोणत्या दिवशी स्वतंत्र झाले? पूर्ण तारीख सांगा."

"सतरा सप्टेंबर एकोणीसशे अठ्ठेचाळीस."

टाळ्या पडल्या. चिटणिसांनी सवयीने उत्तरपुस्तिका उघडली. पाहिले. मिटली. पुन्हा उघडली. मी तिसऱ्या रांगेत होतो. त्यांच्या चेहऱ्याचा उडालेला रंग मला दिसत होता. छातीवर सकाळची तिरंगी फीत तशीच टाचलेली. त्यांनी शेजारच्या अध्यक्षांना पुस्तिका दाखवली. अध्यक्षांचे बाजारात भांड्यांचे दुकान आहे. त्यांनी खांदे उडवले.

"उत्तर," चिटणीस म्हणाले, "चूक आहे."

क्षणभर कोणाला कळलेच नाही. मग मागून आवाज आला, "मग सकाळी झेंडा कशाचा लावला, गुरुजी? दुकानाच्या उद्घाटनाचा?" दुसरा म्हणाला, "आज सुट्टी काहून हाय मग?"

"शांतता! पुस्तिकेत वेगळीच... म्हणजे, पुस्तिकेत जे आहे ते आहे. नियम क्रमांक सात. मी काय करू? नियम काय मी केला?"

तो वाक्याच्या शेवटी माझ्याकडे पाहत होता. यापुढे मी त्यांना अहो-जाहो करीन. त्या क्षणी मनात एकेरीच आले.

तांड्याची बाई खुर्चीतून उठली नव्हती. ती अगदी सरळ म्हणाली, "सर, पुस्तकात काय लिवलंय ते विचारलं का तुमी? माझं गाव विचारलं ना?"

मी उभा राहिलो. एवढेच म्हणालो, "चिटणीस महोदय..." आणि ते तत्परतेने ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, "आपण लेखी दूर झालेले आहात. पोच आपल्याकडे आहे." कुठेतरी एकजण फिसकन हसला. मी खाली बसलो. आयुष्यात अनेकदा गप्प बसवला गेलो, पण माझ्याच पत्राने आणि माझ्याच नियमाने एकाच मिनिटात, असा कधी नाही.

प्रश्न सुनेकडे सरकला. तिने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, तीही सतरा सप्टेंबरच सांगेल. मग दोघीही चूक ठरतील, प्रश्न बाद होईल, नवा प्रश्न येईल. मला तसे मनापासून वाटले. ती टेबलाकडे पाहून म्हणाली, "पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस."

"बरोबर!" चिटणीस एवढ्या जोरात ओरडले, की त्यांची सुटका झाली हे आंधळ्यालाही कळावे.

बाहेर पडताना फाटकाशी ती बाई उभी होती. पिशवीतल्या वह्या ती नीट लावत होती. मी जाऊन म्हटले, "तुमचे उत्तर बरोबर होते."

"ठाऊक हाय मला."

"मी या वाचनालयाचा सभासद आहे. मी लेखी तक्रार करतो."

"करा, काका." तिने पिशवीला गाठ मारली. "आमच्या घरी असं ठरलं व्हतं, की जागा मिळाली तर मी हितं मावशीजवळ राहून परीक्षा द्यायची. न्हाई मिळाली तर दिवाळीनंतर सगळ्यासंगं ऊसतोडीला. तांड्यात बसून वाचायचं म्हणलं तर सगळा तांडाच कोयत्यावर जातो. मी एकटी लेकरू घेऊन कुठं ऱ्हाऊ?" मग ती थोडी हसली. "दिवाळीच्या आत होईल का तुमची लेखी?"

रस्त्यापलीकडे जीप उभी होती. ती धावत जाऊन मागच्या बाजूला बसली.

घरी जाताना सून चार पावले मागे चालत होती. स्वयंपाकघरात आल्यावर मी टोपी काढली आणि विचारले, "बरोबर उत्तर तुला माहीत होते की नाही?"

"होतं."

"मग?"

"मामा, नियमावलीची साफ प्रत कोणी केली? तुमचं अक्षर कोणाला लागत नाही म्हणून मीच केली ना? सात नंबर मला पाठ आहे. मला कोणी विचारलं असतं, खरं काय, तर खरं सांगितलं असतं. तिथं गुण विचारत होते."

"त्या बाईचा हक्क गेला."

"माझा नव्हता का? मला काय हौस आहे टीव्हीच्या आवाजात राज्यघटना वाचायची?" तिचा आवाज फुटला. "आणि तुम्ही तर तिथं काहीच बोलला नाहीत."

"मी लेखी दूर झालो होतो!"

"मग मीही नियमाप्रमाणे जिंकले."

माझी पत्नी तव्यापाशी होती. ती म्हणाली, "अहो, भाकर करपून राहिली अन् तुमी दोघं तारखा करून राहिले. जेवा आधी."

मी जेवलो नाही. खोलीचे दार लावून पत्र लिहायला बसलो. पाच पाने झाली. सोबत शालेय पाठ्यपुस्तकातील संबंधित पानाची प्रत, सकाळच्या झेंडावंदनाचे छायाचित्र, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाचनालयाची स्वतःची निमंत्रणपत्रिका जोडली, जिच्यावर ठळक अक्षरांत छापले होते, की आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, त्यानिमित्त ही स्पर्धा. आपण ज्या तारखेसाठी लोकांना जमवता तीच तारीख सांगणाऱ्याला आपण चूक कसे म्हणता, असा साधा प्रश्न मी विचारला.

आठ दिवसांनी उत्तर आले. दोन ओळी. 'निमंत्रणपत्रिका ही उत्तरपुस्तिका नव्हे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी तो कागद हातात धरून अंगणात किती फेऱ्या घातल्या, हे पत्नीला विचारावे. त्या दोन ओळींत कायद्याच्या दृष्टीने एकही दोष नव्हता. माझ्याच तालमीत तयार झालेली भाषा होती ती. 'सबब' हा शब्दसुद्धा चिटणीस माझ्याकडूनच शिकले.

मग मी अध्यक्षांना लिहिले, सभासदांच्या सह्या गोळा केल्या आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलावायला लावली. सभेत मी ठराव मांडला, की नियम सात रद्द करावा आणि उत्तर उघडपणे चुकीचे असल्यास परीक्षकांनी ते दुरुस्त करावे. ठराव एकमताने मंजूर झाला. मी म्हणालो, तर मग या वर्षीचा निकाल बदला. चिटणिसांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नियम बावीस पाहावा. नियमावलीतील कोणताही बदल पुढील स्पर्धेपासून लागू होईल."

तोही माझाच.

"बरं, मग विजेतीची जागा दुसरीच्या नावे करा."

"नियम चौदा. बक्षीस हस्तांतरित करता येणार नाही." तोही माझा, एका वर्षी विजेत्याने आपली जागा साडूच्या मुलाला देऊन टाकली होती आणि तो तिथे दुपारची झोप काढत असे, म्हणून केलेला. चिटणीस पुढे वाचत गेले, "मात्र विजेत्याने बक्षीस लेखी नाकारल्यास ते द्वितीय क्रमांकास देण्यात येईल." मग नियमावली मिटून ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "आता हे तुमच्या घरचं काम झालं. आमची काही हरकत नाही."

सभागृहातून बाहेर पडताना मी त्यांना काय म्हणालो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. तेवढेच माझे एक विधान आहे ज्याची प्रत माझ्याकडे नाही.

दिवाळी तोंडावर आली होती. घरी आलो तेव्हा सून अंगणात नातवाचे दप्तर आवरत होती. अभ्यासिकेत ती अजून गेली नव्हती. किल्ली देव्हाऱ्याजवळ ठेवलेली होती आणि एवढ्या दिवसांत कोणीही तिला हात लावला नव्हता. मी नियम चौदाबद्दल सांगितले, ऊसतोडीबद्दलही सांगितले. ते मी आधी सांगितले नव्हते, ही माझी चूक. रागाच्या भरात मला फक्त नियम दिसत होते.

तिने दप्तराचा पट्टा लावला. मग म्हणाली, "दिवाळीनंतर जाणार ती?"

"हो."

"मी लिहून देते. पण मी वाचू कुठं, ते आधी सांगा."

तिने माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिले.

"ते शक्य नाही," मी म्हणालो. "आणि हे लक्षात घे, की अटीसह दिलेला नकार ग्राह्य धरला जात नाही."

"मग आधी खोली रिकामी करा, मामा. त्यानंतर मी विनाअट लिहीन."

माझी पत्नी स्वयंपाकघरातून हसल्याचे मला ऐकू आले. मला मात्र संताप आला, आणि तो पूर्ण दोन दिवस टिकला. त्या खोलीत मी माणसांशी लढलो आहे. तिथल्या एकेका फाइलीत नगराचा एकेक प्रश्न आहे. पण तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सुनेने मला एकही प्रश्न विचारला नाही, मीही तिला विचारला नाही, आणि त्या शांततेत मला आठवले, की शांततेच्या नावाखाली मी काय काय केले आहे. दुपारी मी पहिले कपाट ओढून बाहेर काढले. टेबल ओट्यावर नेले. फाइली माळ्यावर गेल्या. पत्नीने खोली झाडली आणि म्हणाली, "पंधरा वर्षांनी इथली फरशी दिसली बाई."

संध्याकाळी सुनेने नकाराचे पत्र लिहिले. मी मसुदा देऊ केला होता. तिने तो घेतला नाही. तिचे पत्र चार वाक्यांचे होते. त्यातले एक माझ्या मनातून जात नाही: 'मी दिलेले उत्तर पुस्तिकेप्रमाणे बरोबर आणि माझ्या माहितीप्रमाणे चूक आहे.' एवढ्या वर्षांच्या पत्रव्यवहारात असे वाक्य मला लिहिता आले नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधी ती तांड्याची बाई आमच्या घरी आली. मी ओट्यावर बसलो होतो. समोरून मोटारसायकली जात होत्या आणि प्रत्येकीबरोबर माझे कागद उडत होते. तिच्या हातात वाचनालयाचे पत्र होते.

"काका, जागा दिली म्हणतेत. दुसऱ्या नंबराला."

"हो. अभिनंदन."

"मी दुसरी काहून?"

मी तिला नियम सात, चौदा आणि बावीस समजावून सांगितले, आणि तिन्ही माझ्याच हातचे आहेत हेही सांगितले. तिने सगळे शेवटपर्यंत ऐकले. प्रश्न मध्येच तोडणारी ही बाई एवढे ऐकते, याचे मला आश्चर्य वाटले.

"जागा मी घेते," ती म्हणाली. "कोयत्याला मला जायचं न्हाई. तुमच्या सूनबाईचे उपकार हायेत, ते मी तिला सांगीन. पण वाचनालयाच्या वहीत माझ्या उत्तरापुढं काय लिवलंय?"

"चूक."

"अजून?"

"अजून."

"मग उद्या माझं लेकरू मोठं झालं, तिथं वाचायला गेलं अन् ती वही उघडली, तर त्याला काय दिसल? आईला आपल्या गावाची तारीख ठाऊक नव्हती. असंच ना?"

मी म्हणालो, की याच विषयावर मी पत्र तयार करत आहे, आणि मसुदा तिच्या हाती दिला. सात पाने होती. ती उभ्यानेच वाचू लागली. दुसऱ्या पानावर तिने मान वर केली. "हे कोण वाचल, काका?"

खिडकीतून सुनेचा आवाज आला, "मी रोज हेच विचारते त्यांना."

"तू वाच. तुझी परीक्षा आहे," मी ओरडलो. पण ती वही घेऊन बाहेर आली, आणि त्या दोघी माझ्या टेबलाशी उभ्या राहून माझे पत्र कापू लागल्या. पार्श्वभूमी गेली. संदर्भ गेले. 'खेदाने नमूद करावे लागते' गेले, ते मला फार लागले. शेवटी एक ओळ उरली: 'आमचे गाव १७ सप्टेंबर १९४८ रोजी स्वतंत्र झाले, नोंदवहीतील "चूक" हा शेरा खोडून तसे लिहावे.' खाली तिघांच्या सह्या.

उत्तर आले, की जुन्या नोंदीत खाडाखोड करण्याची तरतूद नाही. ती तरतूद नाही हे खरे आहे. मी ती ठेवलीच नव्हती. त्यानंतर आम्ही दर सोमवारी तीच ओळ, तशाच तीन सह्यांनी, पुन्हा पाठवतो. चिटणीस परवा बाजारात भेटले तेव्हा वैतागून म्हणाले, "अहो, जागा मिळाली ना त्यांना? सुनेला खोली मिळाली. आता कोणाला काय पाहिजे आहे?" मी त्यांना म्हणालो, की वही वाचनालयाच्या मालकीची आहे, तारीख नाही. ते निघून गेले. मला अजून बरेच बोलायचे होते.

सोमवारी सकाळी अभ्यासिकेत जाण्याआधी ती बाई ओट्याशी थांबते. मी कागद पुढे करतो, पेनही पुढे करतो. ती पिशवीतून स्वतःचे पेन काढते. पहिल्या वेळी मी विचारले, माझ्या पेनात काय वाईट आहे?

"काही न्हाई, काका," ती सही करता करता म्हणाली. "पण सात नंबर त्याच्यानंच लिवला व्हता ना?"